नाचणाऱ्या नटीचा आवाज

१९९२च्या ऑक्टोबरात जपानच्या फुजी टीव्हीवर ‘यू यू हाकुशो’ ही कार्टून मालिका सुरू झाली. योशिहिरो तोगाशी यांच्या त्या वेळी गाजत असलेल्या चित्रकथेवर ती बेतलेली होती. काही भाग झाल्यावर तिच्यात कुरामा नावाचा मुलगा आला. लांब तांबडे केस, हातात गुलाब, बोलणं कमालीचं सभ्य. आणि या शाळकरी पोराच्या आत शेकडो वर्षं जगलेला एक कोल्हा-राक्षस दडलेला. कुरामाचा आवाज तिथल्या प्रेक्षकांनी कधी ऐकलेला नव्हता. तो मऊ होता, पण पोकळ नव्हता. त्यात धमकी होती आणि ती देताना आवाज चढत नव्हता. श्रेयनामावलीत नाव होतं मेगुमी ओगाता. सत्तावीस वर्षांची ही स्त्री त्याआधी म्युझिकलच्या रंगमंचावर गात-नाचत होती. मालिकेतलं एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

ओगाता यांचा जन्म १९६५चा, टोकियोतला. त्या मोठ्या झाल्या तो काळ जपानमध्ये म्युझिकलच्या भरभराटीचा. १९६३मध्ये टोकियोत ‘माय फेअर लेडी’ जपानी भाषेत उभं राहिलं आणि ब्रॉडवेची नाटकं तिथे रुजू लागली. १९८३मध्ये शिकी या नाट्यसंस्थेने शिंजुकूत तंबूवजा थिएटर उभारून ‘कॅट्स’चे प्रयोग लावले, १९८७मध्ये ‘ले मिझराब्ल’ आलं. गाता गाता नाचणारे आणि नाचता नाचता अभिनय करणारे कलावंत हवेच होते. ओगाता त्या जगात शिरल्या आणि पुढे त्यांची कंबर दुखावली. उड्या, गिरक्या, कधी दिवसाला दोन प्रयोग, हे सगळं ज्या कंबरेच्या जोरावर चालतं तीच गेली तर या धंद्यात पर्याय फार उरत नाहीत. त्यांनी आवाजाच्या कामाकडे वळायचं ठरवलं, आओनी प्रॉडक्शन या संस्थेच्या प्रशिक्षणवर्गात नाव घातलं, आणि तिथून कुरामापर्यंत पोचल्या.

रंगमंचावरचा माणूस डबिंगला आला की त्याला एक सल्ला हमखास मिळतो: कमी कर. थिएटरात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो, इथे माईक हातभर अंतरावर आहे. सल्ला खोटा नाही. संवेदनशील माईकला ओठ सुटल्याचा चटका ऐकू येतो, गिळलेला आवंढा ऐकू येतो, बाहीची सळसळ ऐकू येते. शिवाय दिशादर्शी माईकचा एक गुण आहे. बोलणारा जितका जवळ, तितके खर्जाकडचे स्वर जास्त भरून येतात. म्हणून जवळ जाऊन हळू बोलणाऱ्या बाईच्या आवाजालाही वजन येतं. कुरामाची ती न चढणारी धमकी काही अंशी या भौतिकशास्त्राची देणगी आहे.

पण ‘कमी कर’ एवढ्यानं ओगाता समजत नाहीत. नुसता आवाज लहान करून मोठं झालेलं डबिंगमध्ये कुणी नाही. म्युझिकलमधून आलेली माणसं या कामात इतकी चटकन का रुळतात, याचं उत्तर माझ्या मते आवाजाच्या आकारात नाही. ते वेळेत आहे.

गद्य नाटकाचा नट आपल्या वेळेचा धनी असतो. एखाद्या वाक्याआधी किती थांबायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. चांगला नट प्रेक्षागृहाचा अंदाज घेऊन आज थोडं जास्त थांबतो, उद्या थोडं कमी. म्युझिकलमध्ये ही मुभा नाही. खाली वाद्यवृंद बसलेला असतो, त्याच्या पुढे संचालक, त्याच्या हातात काठी. गाणं सुरू व्हायच्या आधीचा संवादसुद्धा अनेकदा वाजत्या संगीतावर बोलायचा असतो, आणि शेवटचा शब्द विशिष्ट मात्रेच्या आत संपलाच पाहिजे. संगीतकार काही ठिकाणी दोन-चार मात्रांचा एक तुकडा ठेवतात, नटाचं बोलणं संपेपर्यंत वाद्यवृंदाने तो फिरवत राहायचा. तेवढीच काय ती सवलत. बाकी रडायचं ते तालात, मरायचं तेही तालात. आणि तरी प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की या बाईला हे रडू आत्ता, या क्षणी फुटलं.

डबिंगमध्ये नेमकं हेच मागितलं जातं, आणि तिथे ती फिरत्या मात्रांची सवलतही नाही. चित्रातल्या पात्राचं तोंड दोन सेकंदांनी मिटतं म्हणजे मिटतं. त्या दोन सेकंदांत वाक्य बसवायचं, वाक्यात माणूस बसवायचा. गद्य नाटकातून आलेल्या नटाला ही कैद वाटते. म्युझिकलच्या कलावंताला त्यात नवीन काहीच वाटत नाही. आजवर संचालकाच्या काठीकडे पाहत होतो, आता पडद्याकडे पाहायचं, इतकंच.

इथे आपल्या संगीत नाटकाची आठवण येणं स्वाभाविक आहे, आणि फरकही लगेच लक्षात येतो. आपल्याकडे गाणारा नट वेळेचा राजा होता. ऑर्गन आणि तबला त्याच्या मागून जात. पद रंगलं की तानांवर ताना, प्रेक्षकांचा वन्स मोअर, पुन्हा तेच पद नव्या अंगानं. बालगंधर्वांचे प्रयोग रात्रभर चालत ते यामुळेच. त्या परंपरेत तयार झालेल्या गायकनटाला दोन सेकंदांच्या चौकटीत बसवायला गेलं असतं तर त्याचं सगळं वैभव बाहेरच राहिलं असतं. दोन्हींना आपण ‘संगीत रंगभूमी’ म्हणतो, पण काळाशी असलेलं त्यांचं नातं उलट आहे. ओगाता ज्या रंगभूमीवर तयार झाल्या तिथे कलावंत काळाच्या मागे चालतो.

आता त्या खोलीत जाऊ, जिथे हे काम होतं. अमेरिकेत कार्टूनसाठी आधी आवाज घेतात आणि त्यावर चित्रं हलवतात. जपानमध्ये टीव्ही मालिकांसाठी रीत उलटी आहे, चित्र आधी आणि आवाज मागून. त्यामुळे जपानी कलावंत आपल्याच भाषेतल्या मालिकेसाठीही एका अर्थानं डबिंगच करतो. त्यात मेख अशी की ‘चित्र आधी’ हे बऱ्याचदा कागदावरच राहतं. मालिकांची वेळापत्रकं इतकी घट्ट असतात की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पडद्यावर कच्च्या पेन्सिलरेषा असतात, कधी नुसती स्टोरीबोर्डची चौकट, आणि पात्रानं कधीपासून कधीपर्यंत बोलायचं हे सांगणाऱ्या खुणा. चेहरा नाही, डोळे नाहीत, रंग नाहीत. फक्त मुदत आहे. ज्या कलावंताला मुदतीतून भावना काढायची सवय आहे, त्याला इथे वाचा फुटते.

खोलीत तीन-चार माईक आणि पंधरा-वीस माणसं. प्रत्येकाच्या हातात त्या भागाची संहिता. आपलं वाक्य जवळ आलं की उठायचं, पावलांचा आवाज न करता मोकळ्या माईकशी जायचं, बोलायचं, पान न फडफडवता उलटायचं, बाजूला व्हायचं. तोवर दुसरा त्या जागी आलेला असतो. सळसळणारे कपडे आणि किणकिणणारे दागिने घालून कुणी येत नाही. एकदा तालीम, मग चाचणी, मग पक्कं मुद्रण. अर्ध्या तासाचा भाग साधारण तीन-चार तासांत पुरा. हे पाहणाऱ्याला समूहनृत्याची आठवण झाली नाही तरच नवल. कोण कुठून येणार, कोण कुठे वळणार, कुणाचा खांदा कुणाला लागता कामा नये, हे सगळं आधीच अंगात मुरलेलं हवं. करोनाच्या काळात ही गर्दी बंद झाली आणि तीन-तीन, चार-चार जणांचे गट करून मुद्रण होऊ लागलं.

आपल्या मुंबईतल्या डबिंगची तऱ्हा निराळी. परदेशी मालिका हिंदीत करायची तर कलावंत एकेकटा बूथमध्ये उभा राहतो, हेडफोनमध्ये मूळ आवाज ऐकतो, समोर वाक्य, आणि एकेक तुकडा घेत पुढे जातो. चुकलं की तेवढंच पुन्हा. ज्याच्याशी तो भांडतोय ते पात्र कदाचित आठवड्यानंतर कुणीतरी येऊन बोलणार असतं. याला निराळं कौशल्य लागतं, आणि ते आपल्याकडच्या कलावंतांकडे भरपूर आहे. पण जपानी मालिकांतल्या संवादांत जी एकमेकांवर आदळणारी ऊर्जा जाणवते ती एका खोलीत उभ्या असलेल्या माणसांची आहे.

जपानी कार्टूनमध्ये चित्र कमी हलतं, याचाही या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. १९६३मध्ये ओसामू तेझुका यांनी ‘तेत्सुवान आतोमू’, म्हणजे जगाला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून माहीत असलेली मालिका सुरू केली. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा तर डिस्नेसारखी हजारो चित्रं काढणं परवडणारं नव्हतं. मग सेकंदाच्या चोवीस चौकटींत एकेक चित्र तीन-तीन चौकटींसाठी थांबवायचं, बोलणाऱ्या पात्राचं नुसतं तोंड हलवायचं, आणि तेही तीन चित्रांत भागवायचं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. ही काटकसर पुढे शैली झाली. तिचा परिणाम असा की पात्राचा चेहरा प्रेक्षकाला फार थोडं सांगतो. मोठ्या थिएटरच्या शेवटच्या रांगेतून नटाकडे पाहावं तसं ते असतं. तिथून नाक-डोळे दिसत नाहीत, दिसते ती उभं राहण्याची ढब आणि ऐकू येतो तो आवाज. त्या रांगेतल्या माणसासाठी अभिनय करण्यात ज्याची वर्षं गेली आहेत, त्याला थांबलेल्या चित्रात जीव कसा भरायचा हे कुणी शिकवावं लागत नाही.

राहिला प्रश्न बाईनं मुलगा होण्याचा. जपानी कार्टूनमध्ये ही सर्रास रीत आहे. अ‍ॅस्ट्रो बॉयचा आवाज मारी शिमिझू यांचा होता. गोकूचा मासाको नोझावा यांचा, लुफीचा मायुमी तानाका यांचा, नारुतोचा जुन्को ताकेउची यांचा, सगळ्या स्त्रिया. कारणं व्यवहाराची आहेत. मुलांना रात्री उशिरापर्यंत राबवण्यावर कायद्याची बंधनं आहेत, आणि मालिका चार-पाच वर्षं चालली तर मुलाचा आवाज फुटतो, नायक मात्र बारा वर्षांचाच राहतो. आपल्या घरांतही हे न कळत पोचलं आहे. हिंदीतून ‘निन्जा हातोरी’ पाहत वाढलेल्या मराठी मुलांनी हातोरीचा जो आवाज ऐकला तो मेघना एरंडे यांचा. मूळ १९८१च्या जपानी मालिकेत तो जुन्को होरी यांचा होता.

पण यामागे रंगभूमीचाही एक धागा आहे. १९१३मध्ये इचिझो कोबायाशी नावाच्या रेल्वे उद्योजकाने ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावी मुलींचं गायनपथक काढलं. त्याचंच पुढे ताकाराझुका रेव्ह्यू झालं: फक्त अविवाहित स्त्रियांची संगीत-नृत्य संस्था, जिथे पुरुषभूमिकाही स्त्रियाच करतात आणि त्या करणाऱ्या नट्यांवर प्रेक्षक, विशेषतः स्त्रिया, जीव ओवाळून टाकतात. त्याच १९१३ साली पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि तिथे एक पुरुष स्त्रीच्या रूपानं महाराष्ट्राला वेड लावत होता. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्या एका वर्षात याव्यात याचं मला फार अप्रूप वाटतं. तेझुका यांचं बालपण ताकाराझुका गावात गेलं. मुलगा आणि मुलगी अशी दोन मनं घेऊन जन्मलेल्या राजकन्येची त्यांची ‘रिबन नो किशी’ ही चित्रकथा त्या रंगमंचाच्या सावलीत वाढली. म्हणजे स्त्रीच्या कंठातला देखणा तरुण जपानी प्रेक्षकांना कार्टूनच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा होता.

ओगाता ताकाराझुकाच्या नव्हत्या. पण १९९४मध्ये ‘सेलर मून एस’मध्ये हारुका तेनो, म्हणजे सेलर युरेनस, ही भूमिका त्यांच्याकडे आली तेव्हा तो सगळा वारसा त्यांच्या आवाजात उतरला. हारुका मुलगी आहे, पुरुषी कपड्यांत वावरते, शर्यतीच्या गाड्या चालवते, आणि मिचिरू नावाच्या मुलीवर प्रेम करते. तिला नुसता जाड आवाज दिला असता तर ती सोंग वाटली असती. ओगातांनी आवाज जाड केला नाही, वाक्यांची चाल बदलली. वाक्याचा शेवट खाली उतरतो, शब्दांची घाई नाही, समोरच्याकडे लक्ष आहे पण गरज नाही. ही गोष्ट गळ्याइतकीच चालण्या-उभं राहण्यातून येते, आणि जिनं रंगमंचावर वावरून शरीर घडवलं तिच्याकडे ती असते.

मग ४ ऑक्टोबर १९९५. हिदेआकी आन्नो यांची ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ टीव्ही टोकियोवर सुरू झाली. सव्वीस भाग, मुख्य पात्र शिंजी इकारी, वय चौदा. बापानं टाकलेला आणि आता त्याच बापानं एका महाकाय यंत्रदेहात बसून लढायला बोलावलेला. कुरामा आणि हारुका यांच्याकडे जे होतं, म्हणजे तोल आणि रुबाब, त्यातलं शिंजीकडे काहीच नाही. तो बोलतो तेव्हा वाक्य अर्ध्यावर मावळतं. पहिल्याच भागात पळून जायचं नाही असं तो स्वतःला बजावतो, तेच तेच शब्द पुटपुटत, दर वेळी थोडं घाईनं. रंगमंचावर ही ओळ शेवटच्या रांगेला ऐकू जाण्यासाठी बाहेर टाकावी लागली असती. ओगाता ती आत ओढून घेतात. आणि पुढच्या भागात, यंत्राचा हात पिरगाळला जातो तेव्हा, त्याच गळ्यातून जी किंकाळी निघते ती भरलेल्या थिएटरला पुरेल. पुटपुटण्यापासून किंकाळीपर्यंतचा हा पल्ला एका भूमिकेत, एका आठवड्यात, पुन्हा पुन्हा. किंकाळ्यांनी गळा फाटतो. पोटातून येणारा श्वास खाली उभा असेल तरच तो टिकतो. गायनाच्या तालमीचा उपयोग तिथे होतो, सूर लावण्यात नव्हे.

इव्हँगेलियन जसजशी पुढे गेली तसतशी चित्रं कमी होत गेली. वेळ आणि माणूसबळ संपत आलं होतं, आणि आन्नो यांनी त्या टंचाईलाच कथेचं अंग बनवलं. चोविसाव्या भागात यंत्राच्या मुठीत धरलेला मित्र, मागे बेथोव्हनची नववी सिंफनी, आणि जवळजवळ मिनिटभर न हलणारं एकच चित्र. शेवटच्या दोन भागांत तर रेखाटनं, छायाचित्रं, रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांवर शिंजीचं स्वतःशी चाललेलं बोलणं. तिथे मालिका जवळपास संपूर्ण आवाजावर उभी आहे. ते दोन भाग अनेकांना आवडले नाहीत, आजही आवडत नाहीत. मी त्यांना ओगातांचं सर्वांत मोठं काम मानतो.

१९९७च्या ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ या चित्रपटात शिंजी त्याच्यासोबत लढणाऱ्या असुका या मुलीचा गळा दाबतो. असुकाचा आवाज युको मियामुरा यांचा. गळा आवळला जातानाचा आवाज नुसत्या कल्पनेनं नीट निघेना, तेव्हा मुद्रणात ओगातांनी मियामुरांचा गळा खरोखर धरला, आणि तो नको तितका दाबला गेला. या दोघींच्या मुलाखतींतून ही हकिगत चाहत्यांपर्यंत पोचली आहे. ती कौतुकानं सांगितली जाते, मला ती कौतुकाची वाटत नाही; सहकलावंताला इजा होईल असं काही स्टुडिओत घडू नये. पण तिच्यातून एक गोष्ट दिसते. आवाजाचं काम करणारी ही बाई माईकसमोर उभी असतानाही दोन शरीरांच्या भाषेत विचार करत होती.

हा मार्ग सोपा आहे असं कुणी समजू नये. जपानमध्ये नव्या आवाज-कलावंताला अर्ध्या तासाच्या भागाचे १५,००० येन मिळतात, वाक्य एक असो की शंभर. बहुतेकांना आठवड्याला एक भागही मिळत नाही. त्यामुळे रंगभूमी आणि स्टुडिओ यांच्यातली रहदारी आता दुतर्फा आहे. आया हिरानो यांनी ‘हारुही सुझुमिया’च्या आवाजानं नाव कमावलं आणि २०१३मध्ये त्या ‘ले मिझराब्ल’मध्ये एपोनिन म्हणून उभ्या राहिल्या. २००३पासून ‘प्रिन्स ऑफ टेनिस’च्या म्युझिकलनं तर चित्रकथा आणि कार्टून थेट रंगमंचावर आणायची लाटच सुरू केली, आणि तिथले तरुण नट पुढे स्टुडिओत येऊ लागले.

शिंजी ओगातांकडे पंचवीस वर्षांहून अधिक काळ राहिला. २००७पासून इव्हँगेलियनची कथा नव्यानं चित्रपटांत मांडली गेली आणि चौथा, शेवटचा चित्रपट ८ मार्च २०२१ रोजी जपानमध्ये लागला. त्याच्या अखेरीस शिंजी पहिल्यांदा मोठा झालेला दिसतो. तो मोठा शिंजी र्युनोसुके कामिकी या नटाच्या आवाजात बोलतो. कुरामाच्या बाबतीतही असंच झालं होतं: मुलाच्या रूपातला कुरामा ओगातांचा, आणि त्याच्या आतला मूळ कोल्हा प्रकट झाला की आवाज शिगेरू नाकाहारा यांचा. एकाच पात्राचं वय आणि रूप असं दोन गळ्यांत वाटून द्यायची सोय आवाजाच्या माध्यमात आहे. नाटकात त्याच नटीला पांढऱ्या केसांचा टोप घालून उभं राहावं लागतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘जुजुत्सु कायसेन ०’ हा चित्रपट आला. युता ओक्कोत्सु या त्यातल्या नायकाला ओगातांचाच आवाज हवा, अशी मूळ चित्रकथाकार गेगे आकुतामी यांची इच्छा होती. ओगाता ५६ वर्षांच्या होत्या, युता शाळकरी. सुरुवातीला तो भिंतीला पाठ लावून बसलेला असतो, शब्द ओठांतच विरतात. शेवटच्या लढाईत त्याला आपल्या मेलेल्या सखीसमोर प्रेमाची कबुली भर आवाजात द्यावी लागते. इतक्या मोठ्या, उघड, न लाजणाऱ्या भावनेला आजचे पडद्यावरचे नट सहसा बिचकतात. म्युझिकलमध्ये ती रोजची असते, कारण तिथे बोलणं अपुरं पडतं तेव्हाच गाणं सुरू होतं. युता गात नाही, पण ओगातांनी ते वाक्य गाण्याच्या आधीच्या श्वासावर घेतलं आहे.